पत्र्यावरचा पेंढा

अख्ख्या पालघर जिल्ह्यात माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्याच्या छपराकडं बघणारी बाई एकच होती, आणि ती देवानं नेमकी आमच्या शेजारच्या रूममधी आणून ठेवली. बोईसरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमची चाळ हाय, सहा रूमची, वर सिमेंटचा पत्रा, त्यातली कडेची रूम चार महिने रिकामी पडलेली. तिथं ह्या मॅडम एक बॅग, एक लॅपटॉप नि एक काळी छत्री घेऊन आल्या. मी दारात बसून पोरीला भरवत होते. नवीन माणूस शेजारी आलं तर आधी काय विचारतं? पाणी कधी येतं, दुकान कुठं हाय, पोर किती महिन्यांची. ह्यांनी माझ्याकडं बघितलंच नाय. मान वर केली, डोळे बारीक केले, आमचा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि बोलल्या, "वहिनी, हे छप्पर कधी बदललंत?" मी पोरीला उचलली, आत गेले, कडी लावली. सासू बोलली, "कोन हाय गो?" मी बोलले, "छपराची चौकशी करतात." सासू बोलली, "मग खालची पन कडी लाव."

तसं मी सगळ्यालाच भिते, ते आधीच सांगून टाकते. कुत्र्याला भिते, कागदाला भिते, कागद घेऊन येणाऱ्या माणसाला तर लांबूनच भिते. आठवीपर्यंत आश्रमशाळेत शिकले, पुढं लग्न झालं, मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरून इकडं आले, हे कंपनीत ठेक्यावर कामाला, सासू आमच्यासोबत आणि पोर दीड वर्षाची. दुपारभर चाळीत आमी बायाच. त्यामुळं ह्या मॅडम कोण, कशाला आल्या, हे कळेपर्यंत माझं जेवणात ध्यान नव्हतं. शेवटी सासूनंच जाऊन विचारलं. तर त्या सोलापूरकडच्या, पुण्यात मोठं शिक्षण चाललेलं, पाच वर्षं झाली तरी संपत नव्हतं. आणि काम काय, तर वर आभाळात उपग्रह फिरतो, तो खालचे फोटो काढतो, त्या फोटोवरून कुठल्या गावात माणसं बरी खाऊनपिऊन हायेत नि कुठल्या गावात हाल हायेत ते शोधायचं. सासूनं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि बोलली, "त्याला एवढं वर कशाला जायला पायजे? मना विचार, मी हितं खाली बसून सांगते." मला वाटलं मॅडमना राग येईल. त्यांनी वही काढली नि ते लिहून घेतलं.

हे लिहून घ्यायचं वेड होतंच, पण त्याच्याहून मोठी खोड म्हणजे एका गोष्टीवरून नक्की असं काय बोलायचंच नाय. सासूनं पहिल्यांदा चहा दिला, विचारलं, "साखर बरोबर हाय ना?" मॅडमनी एक घोट घेतला, विचारात पडल्या आणि बोलल्या, "एका घोटावरून सांगता येणार नाही, काकू." सासू बोलली, "मग आख्खा कप पी नि सांग." आख्खा कप झाल्यावर बोलल्या, "आज तरी बरोबर आहे. रोज कशी असते ते बघावं लागेल." तेव्हापासून रोज चार वाजता आमच्याकडं. सासू सगळ्या चाळीला सांगायची, "हिला चहा पायजे तर सरळ मागत नाय, अभ्यास करते." लग्नाचं विचारलं तर बोलल्या, "आतापर्यंत तीनच मुलं पाहिलीत. तिघांवरून सगळ्या पुरुषांबद्दल मत करणं बरोबर नाही." सासू बोलली, "मी एकावरून केलं. अजून बदललं नाय." एकदा दुपारी आभाळ भरून आलं, माझे आख्खे कपडे दोरीवर, मी विचारलं, "मॅडम, पाऊस पडंल का?" त्यांनी मोबाइलमधी बघितलं, बोलल्या, "निम्मी शक्यता आहे." मी निम्मे कपडे काढले. पाऊस पडला. संध्याकाळी हे कामावरून आले नि ओली लुंगी बघून ओरडले, मी बोलले, मॅडमनी निम्मीच सांगितली होती, तर हे आणखी ओरडले.

आणि ठिपके! ठिपक्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या कॉम्प्युटरनं आख्ख्या जिल्ह्याच्या नकाशावर डोळे मिटून टाकावे तसे ठिपके टाकलेले. प्रत्येक ठिपक्यावर मॅडमनी स्वतः जाऊन उभं राहायचं, चार दिशांना चार फोटो काढायचे, फोटोत वरून जे दिसतं तेच खाली हाय का ते बघायचं. आता कॉम्प्युटरला काय माहीत कुठं काय हाय! एक ठिपका तबेल्यात, म्हशीच्या नेमका पोटाखाली. एक लग्नाच्या मांडवात, तर ह्या नवरीच्या मागं छत्री घेऊन उभ्या, त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत हायेत. कोळगावला मोठ्या सरकारी ऑफिसांच्या आवारात एक ठिपका आला, तो कुणा साहेबाच्या गाडीवर. बाजूला दोन हात उभं राहिलं तर काय बिघडणार होतं? पण नाय. दोन तास गाडी हलायची वाट बघत बसल्या. शेवटी ड्रायव्हरच कंटाळला, बोलला, "मॅडम, तुमची काय तक्रार हाय ती लिहून द्या, साहेब सही करतील." ह्या बोलल्या, "तक्रार नाही, मला फक्त तुमच्या गाडीखाली उभं राहायचंय." त्यानं घाबरून गाडी मागं घेतली.

तारापूरच्या बाजूला खाडीजवळ तर मी सोबतच होते. तिथं बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, रांगाच्या रांगा, नि ठिपका नेमका मधल्या रांगेत. मॅडम वाकून आत शिरल्या, डोक्याला बोंबील लागतायत, केसांत बोंबील. मासळीवाली मावशी कमरेवर हात ठेवून आली, "ए बाय! माज्या बोंबलांत काय हरवलं तुजं?" मॅडम आतून बोलल्या, "माझा ठिपका इथं आहे, मावशी." मावशी बोलली, "कोनी टाकला?" "कॉम्प्युटरनं." "मग त्याला सांग, उचलून घे बोल. आज ऊन चांगलं हाय, मना तुज्या ठिपक्याला येळ नाय." पण जाताना तिनंच मॅडमना सुक्या बोंबलांची जुडी बांधून दिली, बोलली, लय वाळलीस गो, खा. मॅडम अंड्याला पण हात लावत नसत. पण नको बोलल्या नाय, दोन हातांनी घेतली, वाटेत मला दिली, आणि घरी येऊन सासूनं त्याचं कालवण केलं ते शेजारी बसून बघत राहिल्या. वास कसा वाटतो विचारलं तर बोलल्या, "अजून ठरलेलं नाही."

मी त्यांच्यासोबत कशी जायला लागले, तर कुत्र्यांमुळं. पाड्यांवर ह्यांना बघून कुत्री अंगावर यायची आणि बाया आत पळायच्या. मॅडमना कुत्र्यांचं वाईट वाटत नव्हतं, बायांचं वाटायचं. आमच्या बोलीत कुणी चार शब्द बोललं तर बाया थांबतात, तर मला बोलल्या, याल का वहिनी? मी कुत्र्यांना त्यांच्यापेक्षा जास्त भिते, तरी गेले, का ते मलाच माहीत नाय. पोर कधी माझ्या कमरेवर, कधी त्यांच्या. त्या पोरीला वर बोट करून दाखवायच्या, हे कौल, हा पत्रा, हा स्लॅब. माझी पोर "आई" बोलायच्या आधी आभाळाकडं बोट करून "पता, पता" करायला लागली. सासूनं कपाळाला हात लावला, बोलली, "चार वर्सांनी ही पन ठिपका शोधत फिरंल."

एक दिवस दुपारी मॅडमनी मला लॅपटॉप उघडून दाखवला. आधी काळा काळा फोटो, त्यात मधी मधी पिवळं. बोलल्या, हा रात्रीचा उजेड आहे, आकाशातून असा दिसतो. बोईसर एमआयडीसी तर अशी पेटलेली, की बघून मला वाटलं आग लागली. मी विचारलं, "आमचा पाडा कुठं?" त्यांनी मनोरच्या पुढं डोंगराकडं बोट नेलं. तिथं नुसतं काळं. माझी आई त्या काळ्यात बसलेली हाय, चुलीपाशी. मी बोलले, "पण मॅडम, हे तर त्या पिवळ्यात काम करतात. रात्रपाळीला तिथंच असतात. मग आमी उजेडातले का अंधारातले?" मॅडमनी वही काढली, आणि मी काय बोलले ते माझ्याकडून परत बोलवून घेऊन लिहिलं.

मग दिवसाचा फोटो काढला, मोठा केला, आणखी मोठा केला. घरं दिसत होती. एक एक. आमच्या पाड्यावरचं आंब्याचं झाड दिसलं, विहीर दिसली आणि विहिरीपासून तिसरं माझ्या आईचं घर, त्याच्यावर नवीन पत्रा चकचक करतोय. आधी पेंढ्याचं छप्पर होतं. गेल्या उन्हाळ्यात भावानं वीटभट्टीवर राबून पत्रा बसवला, आणि नुसता आमचा नाय, पाड्यावर बऱ्याच जणांनी बसवला. मॅडम खुशीत बोलल्या, "बघा वहिनी, पत्रा आला की कळतं, घराची जरा बरी चाललीय." मी बोलले, हो, आणि हसले पण, पण आतून भ्याले. कारण पाड्यावर सगळीकडं एकच बोलणं होतं, की वरून फोटो काढतात, ज्याच्या घरावर पत्रा दिसला त्याचं पिवळं रेशनकार्ड कापतात. कुणी सांगितलं, कुणाचं कापलं, कुणाला ठाऊक नाय. पण आईच्या घरी त्या कार्डावरच्या तांदळावर पावसाळा निघतो, हे मला ठाऊक. मी विचारलं, "परत फोटो कधी येणार?" त्या बोलल्या, "पुढच्या महिन्यात."

मी बाहेर येऊन मोरीच्या मागं उभी राहून आईला फोन लावला. भातकापणी झालेली, पेंढा खळ्यात पडलेलाच होता. मी बोलले, "आई, पत्र्यावर पेंढा टाक. आजच टाक. वरून दिसतं." आई बोलली, "कोनाला दिसतं?" मी बोलले, "सगळ्यांना." आई घाबरण्यात माझी पण आई हाय. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढं सांगितलं, आणि चार दिवसांत आख्ख्या पाड्यानं पत्र्यावर पेंढा पसरला, वर बांबू टाकले, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीनं बांधला. भावाचा फोन आला, "ताई, झालं. आता वरून बघ." जसं काय मीच वर बसलेय.

महिना गेला, नवीन फोटो आले आणि सकाळी सकाळी मॅडम केस न विंचरता आमच्या दारात. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. "वहिनी! तुमच्या माहेरचा पाडा! एका महिन्यात सगळे पत्रे गेले! परत गवताची छपरं! माणसांनी पत्रे विकले असणार, पाडा गरीब झालाय, नक्की!" नक्की! ज्या बाईनं चहातल्या साखरेला कधी नक्की म्हटलं नाय, ती बोलली नक्की! सासूच्या हातातलं लाटणं थांबलं. मॅडम भरभर बोलत होत्या, की एवढ्या मोठ्या कारखान्यांपासून इतक्या जवळ, आणि लोक वर जायच्या ऐवजी खाली चाललेत, हे आजवर कुणी दाखवलं नाही, सोमवारी पुण्यात सगळ्या सरांसमोर मांडायचं आहे, पाच वर्षांचं काम मार्गी लागेल. मी बोलले, "तिथं जाऊन बघणार नाय का?" त्या बोलल्या, "पाड्यावर माझा ठिपकाच नाही ना. आणि फोटो इतका स्वच्छ आहे."

त्या तीन दिवसांत मी दोन भाकऱ्या जाळल्या आणि एकदा पोरीच्या दुधात मीठ टाकलं. सांगितलं नाय तर ही बाई एवढ्या माणसांसमोर उभी राहून खोटं बोलणार, उद्या कुणी खरं शोधून काढलं तर तिची पाच वर्षं पाण्यात, आणि ते पाणी मी ओतलेलं. सांगितलं तर ती खरं लिहिणार, पत्रा हाय म्हणून, आईचं कार्ड जाणार, पाड्यावर मला कोण उभं करणार? हे बोलले, "तू गप बस. शिकलेली माणसं हायेत, त्यांचं ते बघून घेतील." रविवारी रात्री सासूला सांगितलं. सासूनं सगळं ऐकलं आणि बोलली, "ती चार म्हैने आपल्याकडं चहा पिते. एकदा तरी ती साखर बरोबर नसताना बरोबर बोलली काय?" एवढंच बोलून कूस बदलून झोपली.

सोमवारी मी उठले तर कडेच्या रूमला कुलूप. मी पोरीला उचलली आणि पळाले. पायात एक चप्पल माझी, एक सासूची. एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली, मॅडम खिडकीशी, मांडीवर लॅपटॉप असा धरलेला जसं नवजात बाळ. मी गाडीत चढले, दम लागलेला, पोर रडायला लागलेली, आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "मॅडम, पाडा गरीब झाला नाय!"

मॅडम बोलल्या, "काय?"

"म्हणजे जेवढा होता तेवढाच हाय. पेंढ्याखाली पत्रा हाय. मीच टाकायला लावला. आईचं कार्ड कापतील म्हणून. मी भ्याले, मॅडम."

कंडक्टर बोलला, "ताई, उतरणार का पुण्याला येणार?" बाजूच्या सीटवरची म्हातारी त्याच्यावर ओरडली, "थांब रे मेल्या, तिला रडू तरी दे." कंडक्टर बोलला, "रडू द्या, पण पत्रा का पेंढा ते लवकर ठरवा, गाडीची येळ झाली." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा नीट, तोंडाकडं बघितलं. मग लॅपटॉप बॅगेत घातला, छत्री घेतली आणि खाली उतरल्या. गाडी गेली. मी स्टँडवर उभी, मला वाटलं आता ही बाई मला मारेल, मारलं तर बरंच होईल. त्यांनी माझ्याकडून पोरीला घेतलं, तिचं नाक पुसलं आणि बोलल्या, "एका बाईच्या सांगण्यावरून काही ठरवता येणार नाही, वहिनी. जाऊन बघावं लागेल." ते ऐकलं आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. म्हटलं, आल्या आमच्या मॅडम परत जाग्यावर.

मनोरला उतरून जीपनं आमी पाड्यावर गेलो. वाटेत त्यांनी सरांना फोन केला, काय बोलल्या ते मला कळलं नाय, पण बराच वेळ कान लाल होते. आईनं आमाला लांबून बघितलं आणि ती अंगणात हात जोडूनच उभी राहिली. बोलली, "बाय, पत्रा काढून घेऊन जा, काय बोलनार नाय. पन कार्ड ऱ्हाऊंद्या." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलल्या काय, तर, "आई, कार्ड कापायला माझ्याकडं कात्रीच नाही." आई त्यांच्या बॅगेकडं बघायला लागली, खरंच नाय ना म्हणून. मग मॅडमनी खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसून आईला लॅपटॉप दाखवला. बोलल्या, हे बघा, हे घर दिसतं, पण ते कुणाचं ते यात दिसत नाही. माझ्याकडं तुमचं नाव नाही, कार्डाचा नंबर नाही, आणि रेशनवाले हे बघायला माझ्याकडं येत नाहीत. मी पाड्याचं नाव पण लिहिणार नाही. आई फोटोवर वाकली नि बोलली, "विहीर चांगली आली हाय." भावानं शिडी लावली, पेंढा बाजूला केला, खाली पत्रा. मॅडम स्वतः चढल्या, हात लावून बघितला. मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी, संध्याकाळपर्यंत प्रत्येक घराच्या शिडीवर. बाया खाली उभ्या राहून हसायला लागल्या. एकीनं तर विचारलं, "बाय, आमच्या कौलांत मधमाश्या हायेत, ते पन लिहितेस काय?"

घरात शिरल्यावर मॅडम बोलल्या, "आत गार वाटतंय." आई बोलली, "पत्र्यानं घर भाजून निघत व्हतं. भ्यालो म्हनून पेंढा टाकला, आता उन्हाळाभर ठेवू. पत्रा आला बाय, पन भात तेवढाच पिकतो." मॅडमनी हे पण लिहिलं. आणि मला विचारलं, "वहिनी, हे सगळं तुमच्यामुळं कळलं. लिहिताना तुमचं नाव घालू का?" मी बोलले, "नको नको, नाव नको, नाव कशाला!" त्या बोलल्या, "बरं."

पुढं मॅडम आणखी पाच महिने राहिल्या, सगळे ठिपके परत फिरल्या, जिथं पेंढा दिसला तिथं तो उचलून बघितला. सर ओरडले होते, पण नंतर बोलले म्हणे, की पुण्यात सगळ्यांसमोर उघडं पडण्यापेक्षा एसटी स्टँडवर पडलेलं बरं. आईचं कार्ड अजून हाय. पाड्यावर मी गेले की बाया अजून हसतात, "आली बघा उपग्रह." हसू देत. एवढी मी कधी निवांत झोपले नव्हते. मे महिन्यात मॅडम गेल्या. जाताना सासूनं विचारलं, "आता तरी सांग, चहात साखर बरोबर असायची का?" त्या बोलल्या, "जरा जास्त असायची, काकू." सासूचा चेहराच पडला. रूममधी आता दोन पोरं राहतात, वेल्डिंगची, हिंदी बोलतात, चांगली हायेत, पण कधी वर बघत नायत.

गेल्या आठवड्यात मॅडमनी मोबाइलवर एका पानाचा फोटो पाठवला. त्यांचं शिक्षण झालं, त्याचं जाड पुस्तक छापलं, त्यातलं पान, सगळं इंग्रजी. सोबत त्यांच्या आवाजात मराठीतून सांगितलेलं होतं, "पत्र्यावर पेंढा दिसला म्हणून घर गरीब झालं असं समजू नये. काही ठिकाणी तो उन्हासाठी असतो, काही ठिकाणी भीतीनं टाकलेला असतो. हे आम्हाला फोटोतून कळलं नाही. हे एका आईनं धावत येऊन सांगितलं." मी ते चार वेळा ऐकलं. संध्याकाळी हे कामावरून आले, त्यांना ऐकवलं, पान दाखवलं. हे पानाकडं बघत बोलले, "यात तू कुठं हाईस?" नाव नाय, मीच नको बोलले होते. मी एक एक अक्षर लावत गेले, खालून तिसऱ्या ओळीत मदर सापडलं, त्याच्यावर बोट ठेवलं. बोलले, "ही."

ह्यांनी डोळे बारीक करून बघितलं. बोलले, "ही तर कुणी पण असू शकते."

मी बोलले, "हो." पण बोट काढलं नाय.